एका फोटोच्या अनेक नोंदी: वेगवेगळ्या प्रोग्राममध्ये मेटाडेटाचा मेळ कसा राखावा

डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर त्या चित्राविषयीची माहितीही साठवलेली असते. फोटो कोणी काढला, केव्हा आणि कोठे काढला, कोणता कॅमेरा व कोणती लेन्स वापरली, चित्रात काय दिसते, त्यावर हक्क कोणाचा, हे सारे त्या माहितीत येते आणि तिलाच मेटाडेटा म्हणतात. सगळे काम एकाच प्रोग्राममध्ये करणाऱ्याला या माहितीचा सहसा त्रास होत नाही. तोच फोटो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रोग्राममधून फिरू लागला की मात्र अडचणी सुरू होतात. समजा, आषाढी वारीत दिवे घाट चढणाऱ्या पालखीचा फोटो छायाचित्रकाराने अडोबी कंपनीच्या लाइटरूम या संपादन प्रोग्राममध्ये घेऊन त्याला फोटोओळ आणि कीवर्ड, म्हणजे शोधायला उपयोगी पडणारे शब्द, दिले. सहकाऱ्याने तीच फाइल विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये उघडून शीर्षकातील चूक सुधारली. आणि संग्रह सांभाळणाऱ्याने ती डिजिकॅम या फोटोसंग्रहाच्या प्रोग्राममध्ये घेऊन ठिकाणाचे नाव घातले. तिघांनीही आपापले काम चोख केलेले असते, तरीही पुढे तो फोटो शोधताना एका प्रोग्रामला जुने शीर्षक दिसते, दुसऱ्याला नवे दिसते आणि तिसऱ्यात काही कीवर्ड गळालेले असतात.

यात बहुतेक वेळा कोणताही प्रोग्राम बिघडलेला नसतो. एकच माहिती फाइलमध्ये अनेक ठिकाणी लिहिण्याची सोय आहे, प्रत्येक प्रोग्राम त्यांपैकी आपल्या पसंतीच्या ठिकाणी लिहितो व वाचतो, आणि बाकीची ठिकाणे जुनीच राहतात. सातबाऱ्यावर एक नाव, फेरफार नोंदवहीत दुसरे आणि घरातल्या खरेदीखतावर तिसरे असले म्हणजे जमिनीबाबत जो घोळ होतो, तोच येथे होतो. म्हणून आधी नोंदी कोठे कोठे असतात ते पाहणे आवश्यक आहे.

फाइलमधील तीन जागा

यांतली पहिली जागा एक्झिफ. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने 1995 मध्ये हे प्रमाण प्रसिद्ध केले आणि आज जवळजवळ प्रत्येक कॅमेरा व मोबाइल ते पाळतो. शटरचा वेग, छिद्राचे माप, आयएसओ म्हणजे प्रकाशसंवेदनशीलता, तारीख आणि जीपीएसची स्थिती कॅमेरा येथेच लिहितो. फोटोचे वर्णन, छायाचित्रकाराचे नाव आणि हक्कनोंद यांसाठीही एक्झिफमध्ये खाती, म्हणजे नोंदीचे रकाने, आहेत, पण ती मूळ यंत्राच्या सोयीसाठी आखलेली असल्याने फार तुटपुंजी आहेत.

दुसरी जागा आयपीटीसीची. आयपीटीसी ही वृत्तसंस्थांची आणि वृत्तपत्रांची आंतरराष्ट्रीय संस्था असून तिची स्थापना 1965 सालची आहे. बातमीबरोबर फोटो पाठवताना फोटोओळ, शहर, छायाचित्रकार आणि कीवर्ड एका ठरावीक साच्यात जावेत, यासाठी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिने एक रचना तयार केली. फोटोशॉपने ती फाइलमध्ये साठवायला सुरुवात केल्यावर ती सर्वत्र पसरली आणि वृत्तपत्रांच्या जुन्या यंत्रणांमध्ये ती अजूनही वाचली जाते.

तिसरी जागा एक्सएमपी. अडोबीने ती 2001 मध्ये आणली आणि 2012 मध्ये तिला आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेच्या प्रमाणाचा दर्जा मिळाला. हिच्यात युनिकोड, म्हणजे सर्व लिप्या सामावणाऱ्या पद्धतीचा, मजकूर बसतो, लांबीची जाचक मर्यादा नाही आणि नवी खाती जोडता येतात. आयपीटीसीनेही आपली खाती पुढे एक्सएमपीत आणली. त्यामुळे आयपीटीसी हे नाव कधी जुन्या रचनेसाठी वापरले जाते, तर कधी एक्सएमपीतील नव्या खात्यांसाठी, आणि दोन माणसे एकच नाव घेऊन दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत राहतात. या लेखात आयपीटीसी म्हणजे जुनी रचना.

आता एक फोटोओळ घेऊ. ती एक्झिफच्या वर्णनात असू शकते, आयपीटीसीच्या फोटोओळीच्या खात्यात असू शकते आणि एक्सएमपीच्या वर्णनातही असू शकते. छायाचित्रकाराचे नाव आणि हक्कनोंद यांचेही तसेच आहे. फोटो काढल्याची तारीखही तिन्हीकडे असते. कीवर्ड मात्र आयपीटीसी आणि एक्सएमपी अशा दोन ठिकाणी असतात. शिवाय विंडोज आपली शीर्षक, टिप्पणी आणि कीवर्डची खाती एक्झिफच्या भागात वेगळी ठेवते.

हा गुंता सोडवण्यासाठी अडोबी, ॲपल, कॅनन, मायक्रोसॉफ्ट, नोकिया आणि सोनी यांनी मिळून मेटाडेटा वर्किंग ग्रुप नावाचा गट चालवला. त्याची मार्गदर्शक तत्त्वे 2008 मध्ये आली आणि दुसरी आवृत्ती 2010 मध्ये निघाली. कोणते खाते कोणत्या खात्याशी जोडलेले आहे, लिहिताना सर्व जोडखात्यांत एकच मजकूर कसा जावा, वाचताना मतभेद आढळला तर कोणाला मान द्यावा, हे त्यात सांगितले आहे. त्यातला एक नियम सामान्य वापरकर्त्यानेही लक्षात ठेवण्यासारखा आहे: फाइलमध्ये जुना आयपीटीसी भाग आधीच असेल तर तो अद्ययावत करावा, पण नसेल तर विशेष गरजेविना नव्याने निर्माण करू नये. जी जागा अस्तित्वातच नाही तिच्याशी मतभेद होण्याचा प्रश्न येत नाही.

याच तत्त्वांत एका खुणेचाही वापर सांगितला आहे. एक्सएमपी जाणणारा प्रोग्राम आयपीटीसीचा भाग लिहितो, तेव्हा त्या भागावरून गणिताने काढलेली एक छोटी संख्या बाजूला नोंदवून ठेवतो. नंतर एखाद्या जुन्या प्रोग्रामने फक्त आयपीटीसीचा भाग बदलला तर ती संख्या जुळत नाही आणि फाइल उघडणाऱ्या नव्या प्रोग्रामला कळते की आपल्यामागे कोणीतरी येथे हात घातला आहे. ही सोय चांगली आहे, पण प्रत्येक प्रोग्राम ती पाळेलच असे नाही. म्हणून तिच्या भरवशावर संग्रह सोडू नये.

फाइलबाहेरची जागा

वरच्या तिन्ही जागा फाइलच्या आतल्या झाल्या. माझ्या मते रोजच्या कामातील बहुसंख्य तंटे मात्र चौथ्या जागेमुळे होतात, आणि ती फाइलच्या बाहेर असते. लाइटरूम क्लासिक आपल्या सर्व नोंदी प्रथम स्वतःच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलींपासून वेगळ्या नोंदसंग्रहात, ठेवते. आपण पाच तारे दिले, फोटोओळ लिहिली, कीवर्ड घातले, तरी त्या नोंदी फाइलपर्यंत पोचल्या असे समजू नये. मेटाडेटा फाइलमध्ये जतन करण्याची आज्ञा दिल्यावर किंवा बदल आपोआप एक्सएमपीत लिहिण्याची सेटिंग चालू केल्यावरच त्या बाहेर येतात. डिजिकॅम आणि डार्कटेबल हा संपादन प्रोग्राम यांचीही आपापली डेटाबेस असतात. गूगल फोटोजमध्ये दुरुस्त केलेली तारीख किंवा लिहिलेले वर्णन त्या सेवेच्या नोंदीत राहते, आणि टेकआउट या गूगलच्या सोयीतून संग्रह उतरवून घेतला की ते फोटोच्या आत न येता शेजारच्या वेगळ्या जेसन फाइलमध्ये येते. ॲपलच्या फोटोज ॲपमधून मूळ फाइल बाहेर काढतानाही आपण घातलेली माहिती एक्सएमपी फाइल म्हणून सोबत घ्यायची असेल, तर तो पर्याय निवडावा लागतो.

रॉ फाइलच्या, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलच्या, बाबतीत आणखी एक वळण आहे. प्रत्येक कंपनीची रॉ फाइल तिच्या स्वतःच्या घडणीची असल्यामुळे बहुतेक संपादन प्रोग्राम तिला हात लावत नाहीत आणि शेजारी एक छोटी एक्सएमपी फाइल तयार करतात. तिला साइडकार म्हणतात. हा मार्ग सुरक्षित आहे आणि तोच वापरावा. अडचण तिच्या नावाची आहे. 1234 क्रमांकाच्या कॅननच्या रॉ फाइलसाठी लाइटरूम मूळ विस्तार, म्हणजे नावात टिंबानंतर येणारी अक्षरे, काढून टाकते आणि क्रमांकापुढे थेट एक्सएमपी लावते. डार्कटेबल मात्र मूळ विस्तार तसाच ठेवून त्यापुढे एक्सएमपी जोडते, आणि डिजिकॅमही मुळात तसेच करते. परिणामी एका फोटोशेजारी दोन साइडकार बसतात, दोन्हींत वेगळे तारे आणि वेगळे कीवर्ड असतात, आणि प्रत्येक प्रोग्राम फक्त आपल्याला ओळखीची फाइल उघडतो. डिजिकॅममध्ये साइडकारची नावे व्यावसायिक प्रोग्रामशी जुळती ठेवण्याचा पर्याय आहे. लाइटरूमबरोबर काम करणाऱ्याने तो पहिल्याच दिवशी चालू करावा, कारण हजारो फाइली तयार झाल्यावर हा बदल फार जिकिरीचा होतो.

डार्कटेबल फोटो पहिल्यांदा आत घेताना लाइटरूमची साइडकार शोधते आणि तिच्यातील तारे, कीवर्ड, जीपीएस व काही संपादन उचलते. त्यावरून अनेकांचा असा समज होतो की दोन्ही प्रोग्राम पुढेही एकमेकांशी बोलत राहतील. तसे होत नाही. एकदा डार्कटेबलची स्वतःची साइडकार तयार झाली की लाइटरूममध्ये नंतर केलेले बदल तिकडे पोचत नाहीत. शिवाय रंग, उजेड, कातरकाम अशा संपादनाच्या सूचना प्रत्येक प्रोग्राम आपल्या भाषेत लिहितो, आणि त्यांचे पूर्ण भाषांतर दुसऱ्या प्रोग्रामला करता येत नाही. फोटोओळ, कीवर्ड, तारे, हक्कनोंद एवढेच दोन प्रोग्राममध्ये खऱ्या अर्थाने वाटून घेता येते.

दोन लहान सवयी येथेच सांगून टाकतो. रॉ फाइलचे नाव फाइल एक्स्प्लोररमधून बदलू नये, कारण साइडकारचे नाव तेच राहते आणि दोघांची ताटातूट होते; नाव बदलायचे ते संपादन प्रोग्रामच्या आतूनच बदलावे. आणि ऑनलाइन साठवणीशी जोडलेले एकच फोल्डर दोन संगणकांवर एकाच वेळी उघडून काम करू नये, नाहीतर साइडकारच्या दोन प्रती तयार होतात आणि त्यांतली खरी कोणती हे नंतर सांगता येत नाही.

देवनागरीची खास अडचण

मराठीत फोटोओळ आणि कीवर्ड लिहिणाऱ्यांच्या वाट्याला इंग्रजीत काम करणाऱ्यांपेक्षा एक त्रास अधिक येतो, आणि त्याची कारणे जुन्या रचनांमध्ये आहेत. आयपीटीसीच्या खात्यांना लांबीची मर्यादा आहे आणि ती बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या छोट्या एककात, मोजली जाते. एका कीवर्डला 64 बाइट, शहराच्या नावाला 32, छायाचित्रकाराच्या नावाला 32, फोटोओळीला 2,000. रोमन लिपीतले एक अक्षर एका बाइटमध्ये बसते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, आणि येथे चिन्ह म्हणजे केवळ अक्षर नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात.

वारीच्या फोटोला ‘संत ज्ञानेश्वर महाराज पालखी सोहळा’ असा कीवर्ड दिला असे समजा. त्यात देवनागरीची 29 चिन्हे आणि चार मोकळ्या जागा आहेत, म्हणजे एकूण 91 बाइट झाले. जो प्रोग्राम 64 बाइटची मर्यादा काटेकोर पाळतो, तो ‘संत ज्ञानेश्वर महाराज प’ येथवर 63 बाइट घेतो आणि ‘पा’मधल्या कान्याचा फक्त पहिला बाइट घेऊन थांबतो. शेवटी एक अपुरे चिन्ह उरते, ते काही प्रोग्राममध्ये चौकोन म्हणून दिसते तर काहींत प्रश्नचिन्ह म्हणून. एक्सएमपीमध्ये मात्र तोच कीवर्ड पूर्ण असतो. आता दोन्ही जागा वाचून एकत्र करणाऱ्या प्रोग्रामला हे दोन वेगळे कीवर्ड वाटतात, आणि यादीत अख्खा कीवर्ड व त्याचे तुटके रूप शेजारी शेजारी उभे राहतात. शहराच्या खात्यात ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहिले तर 49 बाइट होतात, आणि 32 बाइटच्या मर्यादेत ‘छत्रपती संभ’ एवढेच बसते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे आपल्या पद्धतीचे पूर्ण नाव तर देवनागरीच्या दहा चिन्हांत बहुधा मावतच नाही.

दुसरी अडचण लिपीच्या ओळखीची आहे. आयपीटीसीच्या भागात मजकूर यूटीएफ-8 मध्ये आहे हे सांगणारे एक वेगळे खाते असते. ते भरलेले नसेल, तर वाचणारा प्रोग्राम मजकूर पश्चिम युरोपीय लिपीतला समजून उघडतो आणि मराठीच्या जागी अगम्य चिन्हांची रांग येते. त्या रांगेत डोक्यावर तिरकी रेघ असलेले छोटे रोमन ए हे अक्षर पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर बिघाड हाच आहे असे समजावे. मजकूर नष्ट झालेला नसतो. त्याची ओळख चुकलेली असते. पण ते चिन्हांचे जंजाळ पाहून कोणी त्याच प्रोग्राममधून फाइल पुन्हा जतन केली, तर मात्र तेच जंजाळ युनिकोड बनून एक्सएमपीतही जाऊ शकते आणि मग मूळ मजकूर परत मिळवणे फार कठीण होते. अशी फाइल समोर आली की काही न लिहिता ती बंद करावी.

एक्झिफमधील वर्णनाचे खाते तर मुळात फक्त साध्या रोमन अक्षरांसाठी होते. अनेक प्रोग्राम त्यात यूटीएफ-8 मजकूर लिहितात आणि अनेक तो वाचतातही, पण प्रमाणाने त्याला अधिकृत मान्यता दिली ती 2023 मधील एक्झिफ 3.0 या आवृत्तीत. आज वापरात असलेले बहुसंख्य कॅमेरे आणि प्रोग्राम त्याआधीचे आहेत.

म्हणून मराठीतून नोंदी करणाऱ्याने एक्सएमपी हीच मुख्य जागा मानावी, असे मी आग्रहाने सांगेन. जेथे वृत्तपत्राची किंवा ग्राहकाची यंत्रणा जुना आयपीटीसी भाग मागते, तेथे कीवर्ड वीस चिन्हांच्या आत ठेवावेत: वरच्या लांब कीवर्डऐवजी ‘ज्ञानेश्वर पालखी’ आणि ‘पालखी सोहळा’ असे दोन केले तर दोन्ही 64 बाइटमध्ये आरामात बसतात आणि शोधायलाही सोपे जातात.

दिसायला सारखे, आतून वेगळे

काही नोंदी सगळ्या प्रोग्राममध्ये एकसारख्या दिसतात, पण आत वेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या असतात. तारे हे त्याचे उदाहरण. एक्सएमपीत ते शून्य ते पाच असे साधे अंक असतात. विंडोज मात्र त्याच्या जोडीला टक्केवारीचे एक खाते ठेवते आणि एका ताऱ्यापासून पाचांपर्यंत अनुक्रमे 1, 25, 50, 75 आणि 99 अशी नोंद करते. एक्स्प्लोररमध्ये पाच तारे दिलेला फोटो नंतर दुसऱ्या प्रोग्राममध्ये दोन ताऱ्यांवर आणला आणि त्या प्रोग्रामला टक्केवारीचे खाते माहीत नसले, तर अंक 2 होतो आणि टक्केवारी 99 च राहते. रंगाच्या खुणांचे तर विशेषच आहे. फाइलमध्ये रंग साठवला जात नाही, त्या रंगाला दिलेले नाव साठवले जाते. अडोबीच्याच ब्रिजमध्ये लाल खुणेचे मूळ नाव ‘सिलेक्ट’ असते आणि लाइटरूममध्ये ‘रेड’. दोन्हींतील नावे सेटिंगमध्ये जुळवून घेतली नाहीत, तर एकाने लावलेला लाल रंग दुसऱ्याला ओळखता येत नाही.

श्रेणीबद्ध कीवर्ड, म्हणजे महाराष्ट्रात पुणे जिल्हा, त्यात पुरंदर तालुका, त्यात दिवे घाट अशी उतरंड, हीदेखील प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या खात्यात लिहितो. लाइटरूम दोन नावांच्या मध्ये उभी रेघ घालते, तर डिजिकॅमच्या स्वतःच्या खात्यात तिरकी रेघ असते. उतरंड ज्याला कळत नाही तो प्रोग्राम फक्त सपाट कीवर्डची यादी वाचतो आणि तीच बदलतो. असा कीवर्ड सपाट यादीतून काढून टाकला तरी उतरंडीच्या खात्यात तो शिल्लक असतो, आणि मूळ प्रोग्राममध्ये फाइल परत वाचली की काढलेला कीवर्ड पुन्हा हजर होतो. ही गोष्ट वरचेवर घडते आणि तिचे कारण ठाऊक नसले तर माणूस हैराण होतो.

वेळेचा प्रश्न जरा वेगळा आहे. एक्झिफमधील वेळ ही कॅमेऱ्याच्या घड्याळातली स्थानिक वेळ असते आणि ती कोणत्या देशातली हे त्यात सांगितलेले नसे. वेळेतील फरक नोंदवण्याची खाती 2016 मधील 2.31 या आवृत्तीत आली. याउलट व्हिडिओच्या एमपी4 आणि क्विकटाइम फाइलींत प्रमाणानुसार जागतिक प्रमाणवेळ लिहायची असते. त्यामुळे दिवे घाटात एकाच मोबाइलवर दुपारी 3 वाजून 40 मिनिटांनी काढलेला फोटो आणि व्हिडिओ शेजारी ठेवले, तर जो प्रोग्राम हा फरक विचारात घेत नाही त्यात व्हिडिओ सकाळी 10 वाजून 10 मिनिटांचा दिसतो. वेळेचा फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर घड्याळ दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. तेथे मूळ नोंद बरोबर असते, वाचण्याची रीत चुकलेली असते, आणि एका प्रोग्राममध्ये ‘दुरुस्त’ केलेली वेळ उरलेल्या सर्वांमध्ये चुकते.

फोटो आडवा की उभा हे सांगणाऱ्या नोंदीबद्दल थोडक्यात: एखाद्या प्रोग्रामने चित्र प्रत्यक्ष फिरवले आणि ही नोंद मात्र जुनीच ठेवली, तर पुढचा प्रोग्राम ते आणखी एकदा फिरवतो. अशा वेळी चित्र न फिरवता नोंद सुधारावी.

लिहिणारा एक, वाचणारे कितीही

या सगळ्यावर एकच उपाय खरोखर टिकतो. प्रत्येक प्रकारच्या नोंदीसाठी लिहिणारा प्रोग्राम एकच ठरवावा, आणि बाकीच्यांना केवळ वाचू द्यावे. फोटोओळ, कीवर्ड, नाव व हक्कनोंद लाइटरूममध्ये लिहायची असे ठरले तर डिजिकॅममध्ये फोटो शोधावेत, पाहावेत, पण त्याच्या सेटिंगमध्ये फाइलमध्ये लिहिण्याचे पर्याय बंद ठेवावेत. लिहिणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र एक्सएमपीत आपोआप लिहिण्याची सेटिंग चालू असावी, नाहीतर वाचणाऱ्यांना वाचायला काही मिळणारच नाही. नाव, हक्कनोंद यांसारखा कायमचा मजकूर फोटो संगणकावर घेतानाच साच्यातून भरावा. जी नोंद पहिल्या पायरीवर पडते, ती पुढच्या सर्व प्रोग्रामना एकसारखी मिळते.

आपले प्रोग्राम कोठे वाचतात आणि कोठे लिहितात याबद्दल ऐकीव माहितीवर विसंबण्याची गरज नाही. ते घरबसल्या तपासता येते. त्यासाठी एक्झिफटूल हा विनामूल्य प्रोग्राम वापरावा. फिल हार्वी यांनी तो 2003 पासून विकसित केला आहे आणि मेटाडेटाच्या कामात त्याच्याइतके विश्वासाचे साधन दुसरे नाही. एक निरुपयोगी जेपीईजी फोटो घ्यावा आणि एक्झिफटूलने त्याच्या एक्झिफ वर्णनात ‘एक्झिफ’, आयपीटीसी फोटोओळीत ‘आयपीटीसी’ आणि एक्सएमपी वर्णनात ‘एक्सएमपी’ असा शब्द लिहावा; हे शब्द रोमन लिपीत लिहिले तर लिपीची अडचण मध्ये येत नाही. मग तो फोटो आपल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये उघडावा. फोटोओळीच्या जागी जो शब्द दिसेल, ती त्या प्रोग्रामची वाचण्याची जागा. त्यानंतर त्या प्रोग्राममध्ये फोटोओळ बदलून फाइल जतन करावी आणि एक्झिफटूलने तिन्ही खाती गटाच्या नावासह पुन्हा पाहावीत. तिन्ही बदलली असतील तर तो प्रोग्राम शिस्तीचा आहे. एकच बदलले असेल तर त्याला लिहिण्याचे काम देऊ नये. त्यानंतर तीच चाचणी मराठी मजकूर घालून करावी, कारण रोमनमध्ये नीट वागणारा प्रोग्राम देवनागरीत तसाच वागेल याची खात्री नसते.

एवढी काळजी घेऊनही कधी ना कधी लाइटरूममध्ये फोटोच्या कोपऱ्यावर उद्गारचिन्ह दिसते. त्याचा अर्थ असा की कॅटलॉगमधील नोंद आणि फाइलमधील नोंद दोन्ही बदललेल्या आहेत आणि त्या जुळत नाहीत. त्यावर क्लिक केले की दोन मार्ग पुढे येतात: फाइलमधील नोंदी आत घ्या, किंवा कॅटलॉगमधील नोंदी फाइलवर लिहा. दोन्हींपैकी कोणताही मार्ग दोन्हीकडच्या नोंदींची बेरीज करत नाही. एक बाजू राहते आणि दुसरी जाते, आणि फाइलमधील नोंदी आत घेतल्या तर कॅटलॉगमधील संपादनही त्यांच्याबरोबर बदलू शकते. म्हणून तेथे घाई करू नये. आधी त्या फाइलची किंवा साइडकारची प्रत दुसरीकडे ठेवावी, एक्झिफटूलने तिच्यात काय आहे ते पाहावे, जे गमावायचे नाही ते कॅटलॉगमध्ये हाताने उतरवून घ्यावे आणि मग कॅटलॉगची बाजू फाइलवर लिहावी. ज्याने लिहिणारा प्रोग्राम एकच ठरवला आहे, त्याला उत्तर शोधत बसावे लागत नाही, कारण त्याची बाजू आधीच ठरलेली असते. डार्कटेबल सुरू होताना बदललेल्या साइडकार शोधते, तेव्हाही असाच प्रश्न विचारते, आणि तेथेही हीच सावधगिरी लागू पडते.

कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाइलमध्ये कोणत्याही प्रोग्रामला लिहू देऊ नये, हे पुन्हा सांगतो. कंपन्या फोकसचा बिंदू, लेन्सचा तपशील अशी माहिती आपल्या खासगी भागात ठेवतात, आणि तो भाग फाइलमध्ये थोडा जरी सरकला तरी काही वेळा वाचता येत नाही. जेपीईजीमध्ये लिहिण्याने चित्राचा दर्जा घटत नाही, पण फाइल बदलते आणि बॅकअपचा प्रोग्राम तिची पुन्हा प्रत घेतो, एवढे ध्यानात असावे.

फोटो बाहेर पाठवताना मेटाडेटा सोबत जातो की नाही हेही तपासावे. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर नाव आणि फोटोओळ गळून पडते. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. अशी रिकामी झालेली फाइल परत मूळ संग्रहात आणून ठेवू नये, कारण एकाच चित्राची माहितीसह एक आणि माहितीविना एक अशा दोन प्रती झाल्या की पुढे कोणती ठेवायची याचा निर्णय अनेकदा चुकतो.

आधीच विस्कटलेला जुना संग्रह असेल तर तो एका बैठकीत सुधारण्याचा प्रयत्न करू नये. प्रथम संपूर्ण संग्रहाचा बॅकअप घ्यावा. मग एक्झिफटूलकडून फोटोओळ, कीवर्ड, नाव आणि तारीख यांच्या तिन्ही जागांची यादी तक्त्याच्या रूपात काढून घ्यावी. तक्त्यात जुळत नसलेल्या ओळी लगेच दिसतात आणि बहुतेक वेळा त्या काही ठरावीक वर्षांच्या किंवा एखाद्याच जुन्या प्रोग्रामच्या असतात. एक्झिफटूलमध्ये मेटाडेटा वर्किंग ग्रुपच्या नियमांनी लिहिण्याची सोय आहे. तिच्यामुळे एक फोटोओळ दिली की ती सर्व जोडखात्यांत जाते आणि आयपीटीसीचा भाग नसेल तर तो नव्याने तयार होत नाही. लिहिण्यापूर्वी एक्झिफटूल मूळ फाइलची प्रत स्वतःहून बाजूला ठेवतो. निकाल तपासून होईपर्यंत त्या प्रती पुसू नयेत. दुरुस्ती एका वेळी एका फोल्डरची करावी, आणि फोल्डर पूर्ण झाल्यावर आपल्या मुख्य प्रोग्राममध्ये फाइलमधून मेटाडेटा वाचण्याची आज्ञा द्यावी, म्हणजे कॅटलॉगमधील जुनी नोंद दुरुस्त केलेल्या फाइलवर परत लिहिली जाणार नाही.